काट्यात मारलेलं वजन आणि देवाची क्षमा

शहादा तालुक्यातून एका वाचकाचं पत्र आलं आहे. नावगाव गाळून आणि थोडं आटोपशीर करून देत आहे:

"ताई, आमचं घराणं आजोबांच्या वेळेपासून ख्रिस्ती. माझं वय पंचेचाळीस. मी काही हंगाम एका व्यापाऱ्याच्या गाडीवर कापसाच्या खेडा खरेदीला जायचो. काटा माझ्या हातात असायचा. क्विंटलमागे तीन किलो मारायचे असं ठरलेलं होतं, आणि माणूस भोळा दिसला तर पाच. अशा माणसाच्या नावापुढे वहीत मी टिंब द्यायचो, म्हणजे पुढच्या खेपेला लक्षात राहावं. २०२१ साली ते काम सोडलं. आता दोन एकरात मिरची लावतो. मागच्या वर्षी संजीवन सभेत, म्हणजे विश्वास नव्याने जागवणाऱ्या प्रार्थनासभेत, पुढे जाऊन गुडघे टेकले, खूप रडलो, पापं कबूल केली. चर्चच्या पाळकांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि म्हणाले, देवाने क्षमा केली. पण शेजारच्या गावात एक विधवा आक्का आहे. २०१९ च्या हंगामात तिचा सहा क्विंटल कापूस मीच मापला होता. सारंगखेड्याच्या यात्रेआधी तिला पैसे हवे होते, म्हणून तिने घाईने विकला. तिच्या नावापुढे टिंब आहे. ती बाजारात भेटली की विचारते, 'बरं शे ना भाऊ?' आणि माझी मान वर होत नाही. बायको म्हणते, देवाने माफ केलं तर तुम्ही कशाला उकरता, पोरीचं लग्न जमतंय. मला वाटतं मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, नव्या इमारतीला एक्कावन्न हजार द्यावेत, म्हणजे मन हलकं होईल. दर रविवारी रडतो, तरी सोमवारी तेच. रात्री झोप नाही. चार-पाच महिने प्रभुभोजनालाही, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीलाही, बसलो नाही. माझा पश्चात्ताप खोटा आहे का? खरा पश्चात्ताप म्हणजे नेमकं काय?"

प्रिय भाऊ,

तुमचा पश्चात्ताप खरा आहे. खोटा असता तर त्या आक्काने हाक मारल्यावर तुम्ही हसून पुढे गेला असता. पण तो सभेच्या मांडवात सुरू झाला आणि तिथेच थांबला. त्याला मांडवाबाहेर पडून तिच्या ओट्यापर्यंत जायचं आहे, आणि वाट अडवून ठेवली आहे म्हणून तो तुम्हाला रात्री झोपू देत नाही.

आधी रडण्याबद्दल. सभेतलं रडणं म्हणजे नुसता भावनेचा पूर, असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. मी तसं म्हणणार नाही. १९०५ साली केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात जे संजीवन झालं, त्यात मुली आणि बाया मोठ्याने रडत होत्या, पापं कबूल करत होत्या. त्याच मुली मग गटागटाने आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला गेल्या. महाराष्ट्रातल्या मंडळीला त्या आसवांची लाज वाटायचं कारण नाही. तुम्हालाही तुमच्या आसवांची वाटू नये. फक्त एक लक्षात घ्या, आसवं किती आली यावरून देव पश्चात्ताप मापत नाही.

मग कशावरून मापतो? बाप्तिस्मा करणारा योहान यार्देन नदीकाठी हाका मारत होता, "पश्चात्ताप करा, कारण स्वर्गाचे राज्य जवळ आले आहे." लोक हेलावले आणि विचारू लागले, मग आम्ही करावं काय? लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात त्याची उत्तरं आहेत, ती आज रात्री काढून वाचा. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक द्यावा. जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नये. शिपायांनी कोणाला धाकदपटशा दाखवून पैसे उकळू नयेत, आपल्या पगारात भागवावं. रडा, असं त्याने एकालाही सांगितलं नाही. प्रत्येकाला त्याच्या त्याच्या धंद्यातली गोष्ट सांगितली. जकातनाक्यावरच्या माणसाला नाक्यावरची, तलवारवाल्याला तलवारीची. तुम्ही त्या गर्दीत असता तर तो तुमच्याशी काट्याविषयी बोलला असता.

शास्त्रात काट्याविषयी किती आहे हे पाहून तुम्हाला आश्चर्य वाटेल. पिशवीत दोन तऱ्हेची वजनं ठेवू नका, घ्यायचं एक आणि द्यायचं एक, असं अनुवादाच्या पुस्तकात आहे. खोट्या तागडीचा परमेश्वराला वीट येतो, असं नीतिसूत्रांत आहे. आमोस संदेष्टा तर अशा व्यापाऱ्यांवर तुटून पडतो, जे सण कधी सरतो आणि आपण माप लहान करून धान्य कधी विकतो याची वाट पाहत असतात. म्हणजे देवाचं राज्य हे पहिल्यापासून बाजारात, खळ्यावर, तराजूपाशीही उभं असतं. आपण मात्र त्याला रविवारच्या दोन तासांत बसवू पाहतो.

पश्चात्ताप म्हणजे पापाचं वाईट वाटणं, एवढंच आपण धरून चालतो. वाईट वाटण्यापासून तो सुरू होतो, हे खरं. पण ख्रिस्ती श्रद्धेत पश्चात्ताप म्हणजे माणसाने सगळाच्या सगळा फिरून देवाकडे तोंड करणं. मन फिरतं, जीभ फिरते आणि हातही फिरतो. ज्या हाताने काटा धरला तो हात जुन्याच जागी राहिला आणि फक्त डोळे ओले झाले, तर माणूस अर्धाच वळला. अर्ध्यात वळून उभं राहिलेल्या माणसाची मान अवघडणारच.

जक्कयाची गोष्ट तुम्ही लहानपणी संडे स्कूलमध्ये ऐकली असेल. ठेंगू होता, उंबरावर चढला, एवढंच पोरांच्या लक्षात राहतं. आता पंचेचाळिशीत ती पुन्हा वाचा. यरीहोचा तो मुख्य जकातदार. त्याचा धंदा तुमच्या जुन्या धंद्याला फार जवळचा: समोरच्याला हिशेब कळत नाही, वर मालक आहे, मधल्यामध्ये आपला हात मारायचा. येशू झाडाखाली थांबतो आणि काय म्हणतो? आधी पैसे परत कर मग येतो, असं म्हणत नाही. लवकर खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे, असं म्हणतो. गावभर कुरकुर होते की हा पापी माणसाच्या घरी उतरला. त्यानंतर जक्कय उभा राहतो आणि सांगतो, माझं अर्धं द्रव्य मी गरिबांना देतो, आणि कोणाचं काही लबाडीने घेतलं असेल तर चौपट परत करतो.

हा क्रम नीट धरून ठेवा भाऊ, तुमच्या दोन्ही प्रश्नांची गाठ इथेच सुटते. प्रभू घरी आधी आला. क्षमा परतफेडीची किंमत घेऊन विकत मिळालेली नाही. तुमच्या पाळकांनी डोक्यावर हात ठेवून जे सांगितलं ते खरं आहे, त्याला बोट लावायला जागा नाही. ख्रिस्ताने वधस्तंभावर जे दिलं त्यात तुमच्या एक-दोन हजारांची भर पडायची नाही. पण प्रभू घरात आला आणि जक्कयाच्या पेटीतला लोकांचा पैसा पेटीतच राहिला, असंही झालं नाही. "आज ह्या घराला तारण प्राप्त झाले आहे," हे उद्धाराचं वचन येशू बोलतो ते जक्कय पैशाविषयी बोलल्यानंतर. क्षमा झाली म्हणून परत द्यायची गरज नाही, असं वहिनींना वाटतं. जक्कयाच्या घरी उलटं घडलं. क्षमा झाली म्हणूनच त्याला परत देता आलं. भीतीने मूठ आवळलेली असते, आपलं माणूस घरात येऊन जेवायला बसलं की ती सैल होते.

आता जरा अवघड गोष्टीकडे येते. तुम्ही लिहिलं आहे, दर रविवारी रडतो तरी तेच. तुम्ही दोन शिष्यांची शेवटची रात्र शेजारी शेजारी ठेवून वाचावी, अशी माझी मनापासून विनंती आहे. यहूदा आणि पेत्र. एकाच रात्री दोघांनी प्रभूला दगा दिला. एकाने तीस रुप्यांसाठी धरून दिलं, दुसऱ्याने मी त्याला ओळखतही नाही म्हणून तीनदा नाकारलं, शपथाही वाहिल्या. दोघांनाही मरणाचं वाईट वाटलं.

आणि नीट पाहिलं तर यहूदाने जास्त केलं. त्याने तोंडाने कबूल केलं की मी निर्दोष माणसाला धरून देऊन पाप केलं. रुप्याची ती तीस नाणी याजकांकडे परत नेली, ते घेईनात तर मंदिरात फेकून दिली. कबुली झाली, परतफेड झाली. पेत्राने यातलं काहीच केलं नाही. कोंबडा आरवला, प्रभूने वळून त्याच्याकडे पाहिलं, आणि तो बाहेर जाऊन ढसाढसा रडला, एवढंच लिहिलं आहे. तरी यहूदाचा शेवट आत्महत्येत झाला आणि पेत्र मंडळीचा पुढारी झाला. असं का?

यहूदा आपलं पाप घेऊन याजकांकडे गेला, आणि तिथून "आम्हांला त्याचे काय?" असं ऐकून एकटाच निघून गेला. ज्याचा अपराध केला होता त्याच्याकडे तो गेलाच नाही. पेत्र भावांमध्ये राहिला. पुढे तिबिर्याच्या समुद्रावर, किनाऱ्यावर येशू आहे असं कळताच त्याने पाण्यात उडी घेतली. तारवं काठाला लागायचीही वाट पाहिली नाही. शिष्य योहानाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात किनाऱ्यावर कोळशांचा विस्तव आहे असं लिहिलं आहे. महायाजकाच्या वाड्यात शेकत उभं राहून पेत्राने नाकारलं, तिथेही कोळशांचाच विस्तव होता. तशाच विस्तवापाशी प्रभू त्याला तीनदा विचारतो, तू माझ्यावर प्रीती करतोस काय? तीनदा नाकारलेल्या तोंडाला तीनदा बोलायची संधी दिली. त्याला वाईट वाटलं, तरी प्रभूने तिसऱ्यांदा विचारायचं सोडलं नाही. आणि प्रत्येक वेळी काम सोपवलं, माझी मेंढरं पाळ.

प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलं आहे की एक दुःख देवाच्या इच्छेप्रमाणे असतं, ते पश्चात्तापाकडे आणि तारणाकडे नेतं, आणि दुसरं जगाचं दुःख असतं, ते मरणाकडे नेतं. दोन्हीत डोळे सारखेच सुजतात. फरक कळतो तो तोंड कुणीकडे आहे यावरून. एक दुःख म्हणतं, मी किती वाईट, मी किती वाईट, आणि आपल्याभोवतीच फिरत राहतं. दुसरं म्हणतं, प्रभू, तू इथे आहेस ना, मग मी येतो. तुमच्या पत्रात पहिल्या दुःखाचा वास मला जरा जास्त येतो. पूर्ण पत्रात आक्काचं काय नुकसान झालं असेल यावर एकच ओळ आहे, बाकी सगळं तुमच्या मनाच्या जडपणावर. हे टोचायला लिहीत नाही. दुखणाऱ्या माणसाला आपलंच दुखणं दिसतं. पण तुमची नजर तुमच्यावरून उठून आधी प्रभूकडे आणि मग तिच्याकडे गेली, तर निम्मी वाट चालून होईल.

झोपेचं हलक्यावर घेऊ नका. महिनोन्‌महिने झोप नसेल तर डॉक्टरला दाखवा, त्यात विश्वास कमी पडल्यासारखं काही नाही. आणि रात्री कधी जगणंच नको असं मनात आलं, तर त्याच रात्री वहिनींना उठवून सांगा, किंवा १४४१६ या टेली मानसच्या नंबरावर फोन करा. तो सरकारी आहे, मोफत आहे, चोवीस तास चालतो.

वहिनींबद्दल. त्यांच्यावर रागावू नका. पोरीचं लग्न जमत असताना कुठल्याही आईच्या पोटात गोळा येईल. आणि त्यांच्या म्हणण्याला शास्त्राचा आधार नाही असंही नाही. दावीद राजाच एक्कावन्नाव्या स्तोत्रात म्हणतो की तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केलं. मग मिटवायचं ते देवाशी, माणसाचा काय संबंध? पण ज्याची बायको दावीदाने घेतली आणि ज्याचा घात केला, तो शिपाई उरीया तेव्हा जिवंत नव्हता. त्याच्या दारात जाऊन क्षमा मागायची सोय दावीदाने स्वतःच संपवली होती. तुमची आक्का जिवंत आहे, बाजारात येते, तुमची विचारपूस करते. दावीदाला जे करायला मिळालं नाही ते तुम्हाला मिळतंय. आणि नाथान संदेष्ट्याने जेव्हा त्याला गरीब माणसाच्या एकुलत्या एक कोकरीची गोष्ट सांगितली, तेव्हा गोष्ट आपलीच आहे हे कळायच्या आधी दावीदाच्या तोंडून काय निघालं? त्या कोकरीबद्दल चौपट भरून दिलं पाहिजे. मोशेच्या नियमशास्त्रात चोरलेल्या मेंढराबद्दल चारच मेंढरं सांगितली आहेत. जक्कयाचा चौपट कदाचित तिथूनच आला असेल.

आता एक्कावन्न हजारांचं. देऊ नका. निदान आत्ता नाही.

मंडळीच्या इमारतीला पैसे लागतात हे मी जाणते, आणि तुमचे पाळक कदाचित माझ्यावर नाराज होतील. पण जक्कयाने एक पैसाही मंदिराला दिल्याचं लिहिलेलं नाही. गरिबांना दिले, आणि ज्यांना लुबाडलं त्यांना दिले. गणनाच्या पाचव्या अध्यायात क्रम स्वच्छ आहे: पाप कबूल करावं, ज्याचा अपराध केला त्याला मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यावा. तो माणूस नसेल तर त्याच्या जवळच्या नातलगाला. आणि नातलगही कोणी नसेल, तेव्हाच ते परमेश्वराला, म्हणजे याजकाला. देवाने स्वतःला रांगेत शेवटी उभं केलं आहे आणि तुम्ही त्याला आक्काच्या पुढे आणताय. १५१७ साली मार्टिन ल्यूथरने जे पंच्याण्णव मुद्दे मांडले, ते याच दुखण्यावर होते. पैसे भरून पापदंडाच्या माफीची पत्रं विकत मिळत होती. त्याचा पहिलाच मुद्दा असा की येशूने पश्चात्ताप करा म्हटलं तेव्हा विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं, असं त्याला म्हणायचं होतं. आणि पुढे एका मुद्द्यात तो म्हणतो, माफीपत्र विकत घेण्यापेक्षा गरिबाला देणारा जास्त चांगलं करतो. तुमच्या शेजारच्या कॅथलिक मंडळीतही फादरजवळ पापनिवेदन केलं म्हणजे चोरीचा माल ठेवून घ्यायची मोकळीक मिळते असं नाही. जमेल तसं भरून द्यावंच लागतं. या बाबतीत सगळ्या मंडळ्यांचं एकमत आहे.

मग करायचं कसं? वह्या आहेत म्हणून बरं झालं. त्या काढा. आधी टिंबांची नावं. आक्काचा हिशेब मी करून दाखवते, बाकीचे तुम्ही लावा. सहा क्विंटल, क्विंटलमागे पाच किलो, म्हणजे तीस किलो. वहीत त्या दिवसाचा भाव असेल तर तोच धरा. नसेल तर २०१९-२० चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ५,५५० रुपये होता. त्याने तीस किलोचे १,६६५ रुपये होतात. वर पाचवा हिस्सा ३३३. म्हणजे दोन रुपये कमी दोन हजार. चौपट द्यायचं मन झालं तर ६,६६०. चौपट हा तुमच्यावर नियम नाही, जक्कयाने तो आनंदात दिला. पण पाचव्या हिश्शाच्या खाली येऊ नका. तिने ते पैसे यात्रेआधी मागितले होते, त्याला किती वर्षं झाली ते बघा.

तुम्ही म्हणाल, फायदा मालकाने खाल्ला, मला तर फक्त रोजची मजुरी मिळत होती. खरं असेल. पण तिच्या घरातून तीस किलो कापूस गेला तो तुमच्या हातून, आणि पुढे वाटणी कशी झाली हा तिचा प्रश्न नाही. सगळ्या वह्यांची भरपाई एका वर्षात होणार नाही. मिरचीचे पैसे आले की त्यातून दर हंगामात काही घरं, असं धरा. कोणी वारलं असेल तर त्याच्या मुलाबाळांना. कोणाचाच पत्ता लागला नाही तर तेवढे पैसे त्याच गावातल्या एखाद्या गरजू घराला, गुपचूप.

आक्काकडे एकटे जा, किंवा तिला अवघड वाटणार असेल तर वहिनींना घेऊन जा. बाजारात नको, लोकांसमोर नको, तिच्या घरी. फार बोलू नका. "आक्का, त्या वर्षी तुमचा कापूस मी मापला होता. काट्यात फरक होता आणि तो मला माहीत होता. तुमचं तीस किलो कमी धरलं. हे तुमचे पैसे. तुमच्याशी लबाडी केली, मला माफ करा." एवढं पुरे. "सगळेच करत होते", "तेव्हा माझी अडचण होती", "मालकाने सांगितलं होतं" यातलं एकही वाक्य जोडू नका. ती खरी असली तरी तिथे ती तुमची ढाल होतील. ती रडली तर थांबा. शिव्या दिल्या तर ऐकून घ्या. माफ करत नाही म्हणाली तर तो तिचा हक्क आहे. देवाने मला माफ केलंय, आता तुम्हीही करा, असं चुकूनही म्हणू नका.

आणखी एक, हे मी फार काळजीने लिहिते. आक्का आपल्या मंडळीतली नाही, असं पत्रावरून दिसतं. तिथे पत्रिका नेऊ नका, प्रार्थना करू का असं विचारू नका, येशूमुळे आलो असं भाषण देऊ नका. आपल्या भागात पैसे आणि धर्म एकाच हातात दिसले की लोक काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. तिच्याच पैशाचं प्रलोभन झाल्यासारखं दिसायला नको. का आलात असं तिने आपणहून विचारलं, तर एका वाक्यात खरं सांगा आणि थांबा.

गावभर साक्ष द्यायची गरज नाही. ज्याचा अपराध केला त्याच्यापुढे कबुली, एवढंच पुरेसं आहे. पुढच्या सभेत माइक हातात देऊन कोणी तुमची साक्ष मागेल, कारण अशा साक्षी लोकांना आवडतात. तेव्हा नाही म्हणा. तसंच, पश्चात्तापाच्या नावाखाली जुन्या मालकाचं नाव चव्हाट्यावर आणायला जाऊ नका. तुमच्या पदरी तुमचं पाप घ्यायचं आहे, त्याचं नाही. मात्र तो अजूनही तसंच करत असेल तर एकदा त्याला एकट्याला भेटून सांगा, आणि मापताना काटा आधी रिकामा तपासून घ्या असं ओळखीच्या शेतकऱ्यांना सांगायला कचरू नका. वजनमापात फसवणूक हा कायद्याने गुन्हा आहे. कोणी तक्रार केली तर काय होईल, हे एखाद्या विश्वासू वकिलाला विचारून ठेवा. पण वकिलाची तारीख मिळेपर्यंत जाणं लांबणीवर टाकू नका.

लग्नाचं म्हणाल, तर वहिनींना जवळ बसवून वही दाखवा. टिंबं दाखवा. इतके दिवस त्यांनी तुम्हाला फक्त रडताना पाहिलंय, हिशेब पाहिलेला नाही. बाप पैसे परत करायला निघाला म्हणून सोयरीक मोडेल अशी भीती वाटते, पण ज्या घरात वही माळ्यावर लपवलेली असते तिथलं ओझंही पोरीबरोबर सासरी जातं. तरी त्या घाबरत असतील तर गडबड करू नका. आक्काचं घर ही तुमच्या दोघांची पहिली भेट असू द्या, बाकीची नावं लग्नानंतर घ्या. देव ममताळू आहे. पौल रोमच्या मंडळीला सांगतो की देवाची ममताच माणसाला पश्चात्तापाकडे नेते. दरडावून, फरपटत नेत नाही. तुम्हीही वहिनींना फरपटवू नका.

राहिलं प्रभुभोजन. तुम्ही दूर राहिलात ते भीतीपोटी आणि आदरापोटी, हे मला कळतं. वेदीजवळ दान आणलं आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेवून आधी जाऊन समेट कर, हे मत्तयातलं वचन तुमच्या डोक्यात असणार. बरोबर आहे, पण त्या वचनात पुढे "मग येऊन आपले दान अर्पण कर" असंही आहे. प्रभू परत यायलाही सांगतो. आणि पौल करिंथकरांस म्हणतो, माणसाने आत्मपरीक्षण करावं आणि मग ती भाकर खावी. परीक्षण करून उपाशी बसावं, असं म्हणत नाही. सगळ्या वह्या संपल्याशिवाय भाकर घ्यायची नाही असं ठरवलंत तर हिशेब पुन्हा तुमच्या कर्तबगारीवर आला, आणि प्रभूचं मेज बक्षिसासारखं होऊन बसलं. तेव्हा या आठवड्यात आक्काकडे जाऊन या. शनिवारी पाळकांना गाठून दोन शब्दांत सांगा, त्यांच्या पोटात राहील. आणि येत्या भोजनाच्या रविवारी ताट तुमच्या रांगेत आलं की हात पुढे करा.

तुमची,
ताई